सोनं तिरकं बसवायचं असतं

प्रिय विश्वजीत,

‘प्रिय’ वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशी करायची असं शाळेत शिकवलंय, आणि मी शिकवलेलं विसरत नाही. दोन वर्षं तुझा एक शब्द नाही, मी जगले की मेले याची चौकशी नाही, आणि परवा मोबाइलवर एकदम निरोप : ‘कीर्ती, महाबळेश्वरच्या हॉलचं उद्घाटन आहे, कलाकार म्हणून मला बोलायचंय. बायझंटाईन कला आणि त्यांची चर्चं यांची सोप्या मराठीत ओळख लिहून पाठव ना. तू किती छान समजावतेस!’ खाली हात जोडलेले. माझे हात चुन्यानं भरले होते, त्यामुळे आधी वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचतेय. हात धुऊन परत वाचलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “लाज कोळून प्यालाय जणू त्यो.” मी म्हटलं, असू दे, मागितलंय तर देते. फक्त मोबाइलवर नाही, हातानं लिहून. म्हणजे हवं तेवढं उचलायचं आणि नको ते मागं टाकायचं हे तुला जमणार नाही. तुझी ती खोड जुनी आहे.

आधीच सांगून ठेवते, म्हणजे मग कीर्ती गोड बोलून फसवते असं म्हणायला नको. त्या हॉलच्या समोरच्या भिंतीवर सोन्यात उभी असलेली जी मिरवणूक आहे, ती मी काढलेली आहे. त्यातली प्रत्येक निरी, प्रत्येक डोळा माझा. तिच्यावर नाव मात्र तुझं आहे. मला ती भिंत परत हवी आहे. एवढं ध्यानात ठेव आणि पुढं वाच.

तर ओळख. रोमच्या साम्राज्याची राजधानी एका बादशहानं उचलून पूर्वेला नेली, समुद्राच्या काठी बायझँटियम नावाचं जुनं गाव होतं तिथं. गावाला त्यानं स्वतःचं नाव दिलं, कॉन्स्टँटिनोपल. आजचं इस्तंबूल. पुढं खुद्द रोम पडलं, पण हा पूर्वेकडचा संसार हजारभर वर्षं चालला. गंमत म्हणजे ती माणसं स्वतःला बायझंटाईन कधी म्हणालीच नाहीत, आम्ही रोमनच असं म्हणत राहिली. बायझंटाईन हे नाव मागाहून दुसऱ्यांनी चिकटवलं. भाषणाची सुरुवात ह्यानं कर, लोकांना आवडतं. फक्त ‘मी राव्हेनाला होतो तेव्हा’ असं म्हणू नकोस. तू राव्हेनाला कधी होतास रे? इटलीतल्या त्या गावात काचेच्या तुकड्यांचं मोझाइक शिकायला मी गेले होते, आणि जाताना आई म्हणत होती, फरशी बसवायला शिकायचं तर एवढ्या लांब कशाला जायचं, आपल्या सांगलीच्या विश्रामबागेत गवंडी कमी आहेत का. तिथून रोज मी तुला फोन करायचे, फोटो पाठवायचे, आणि तू साताऱ्यात पंख्याखाली बसून ‘मग? मग?’ करत ऐकायचास. मागच्या वर्षी साताऱ्याच्या एका पेपरात तुझी मुलाखत वाचली. ‘राव्हेनाच्या थंडीत माझी बोटं बधिर व्हायची.’ माझी बोटं होती ती, विश्वजीत. बधिर झालेली बोटंसुद्धा सोडली नाहीस.

आता त्यांच्या चर्चबद्दल. बाहेरून बघशील तर काही नाही, नुसत्या विटा. आमच्या मार्केट यार्डातली हळदीची गोदामंसुद्धा जरा बरी दिसतात. सगळा थाट आत. दार ओलांडलं की माणसानं तोंड उघडं ठेवून वर बघत राहायचं, अशी ती योजना. त्यांची मोठी करामत म्हणजे चौकोनी जागेवर गोल घुमट बसवणं. मी तुला हे आपल्या स्टुडिओत पाटावर परात ठेवून दाखवलं होतं. परात गोल, पाट चौकोनी, चार कोपरे उघडे पडतात. ते कोपरे त्यांनी कशानं भरले, तर कलिंगडाच्या सालीचा त्रिकोणी तुकडा कापावा, टोक खाली धरावं, तशा चार वाकलेल्या त्रिकोणांनी. सगळा भार त्या चार त्रिकोणांवरून चार खांबांवर उतरतो, भिंती मोकळ्या होतात आणि घुमटाच्या बुडाशी रांगेनं खिडक्या ठेवता येतात. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मोठ्या चर्चमध्ये तशा चाळीस खिडक्या आहेत. त्यांतून उजेड आत आला की घुमट भिंतीवर टेकलेलाच वाटत नाही. हेही सांग लोकांना, की तो पहिला घुमट वीसेक वर्षांत भूकंपानं खिळखिळा होऊन कोसळला. घाईत बांधलेला, वर फार चपटा. मग दुसऱ्यांदा उंच करून बांधला तो टिकला. पहिल्यांदा पडणं ही शरमेची गोष्ट नाही, असं मी तेव्हा म्हणायचे. आता मी एवढी उदार राहिलेली नाही.

नानासोंना असलाच घुमट हवा होता. वाईचा माणूस, महाबळेश्वरात हॉटेल, स्ट्रॉबेरीचे मळे, सहलीच्या कंपनीबरोबर बायकोला, शालूबाईंना घेऊन तुर्कस्तानला गेले आणि मान मोडेपर्यंत वर बघून आले. आल्या आल्या म्हणाले, आपल्या लग्नाच्या हॉलला असला घुमट आणि असली सोन्याची भिंत पायजे, खर्च होऊ दे. ते पहिल्यांदा आपल्याकडं सांगलीला आले तो दिवस आठवतो? हळदीच्या जुन्या गोदामातला आपला स्टुडिओ, नानासोंच्या पांढऱ्या विजारीला पिवळे डाग. भरदुपार होती, म्हणून त्या एका बैठकीला मी होते. राव्हेनाच्या सान व्हिताले चर्चमधली मिरवणूक मी त्यांना दाखवली. मधोमध बादशहा जस्टिनियन, हातात सोन्याचं ताट, दोन्ही अंगांना दरबारी, समोरच्या भिंतीवर राणी थिओडोरा आणि तिच्या बायका. सगळे समोर बघतायत, पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नाही, आणि डोळे हे एवढे. आमच्या बस्तीत, जैनांच्या देवळात, मूर्तीची नजर नाकाच्या शेंड्यावर असते, आपल्याकडं लक्षच नसतं. ह्यांचे डोळे मात्र आल्या-गेल्याची झडती घेतात. मी म्हटलं, नानासो, बादशहाच्या जागी तुम्ही, ताटाच्या जागी स्ट्रॉबेरीची टोपली. राणीच्या जागी शालूबाई. मागं तुमचे मळ्यातले लोक. नानासो एवढे खूश झाले की स्वतःची टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याच आठवड्यात मी रेखाटनाला बसले.

मग सगळ्या बैठका रात्री व्हायला लागल्या. नेमक्या जेवणाच्या. कधी वाईला नानासोंच्या घरी, कधी महाबळेश्वरला. तुला पक्कं ठाऊक होतं की आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. दिवसा ठेव म्हटलं तर तू म्हणायचास, अगं ते हॉटेलवाले, त्यांना दिवसा सवड कुठली, तू कशाला उपाशी बसतेस तिथं, मी बोलतो सगळं. मला त्यात माझी काळजी दिसायची. मी भोळी नाही रे, माझा जीव जडला होता तुझ्यावर, एवढंच. दिवाळी आली तेव्हा नानासोंच्या फोनमध्ये माझा नंबर उरला नव्हता आणि माझी रेखाटनं साताऱ्याला पोचली होती. मग तू आमच्या घरी आलास ते कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. आईला वाटलं, लग्नाचं ठरवायला आला. आणि तू म्हणालास, घरचे ऐकत नाहीत, वडील फौजेतले, कडक, जैनाची मुलगी नको म्हणतात, आणि स्टुडिओपण मी आता साताऱ्यात वेगळा करतोय. पेढे देऊन लग्न मोडणारा माणूस मी अख्ख्या सांगलीत दुसरा पाहिला नाही. लग्न मोडलं ते मी पचवलं. आमच्या घरातही फार कुणी नाचत नव्हतं. भिंत नाही पचली.

आता सोन्याचं ऐक. हे नीट वाच, कारण इथंच तू माती खाल्लीस. सोनेरी तुकडा म्हणजे दोन काचांच्या मध्ये सोन्याचा वर्ख. ते कारागीर ओल्या चुन्यात एकेक तुकडा बोटानं दाबत, आणि सरळ कधीच बसवत नसत. एक जरा खाली झुकलेला, शेजारचा जरा डावीकडं, तिसऱ्याचं तिसरंच. जवळून बघितलं तर वाटतं कुणी शिकाऊ हातानं लावलंय. पण खाली दिवा हलला की एक तुकडा विझतो, दुसरा पेटतो, आणि भिंतभर उजेड चालत जातो. सोनं तिरकं बसवायचं असतं, विश्वजीत. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, पण तेव्हा बहुतेक तू जांभई देत असशील. तू काय केलंस? साताऱ्यात जमिनीवर कागद अंथरून त्यावर सगळे तुकडे उपडे चिकटवलेस, त्याचे मोठे मोठे चौकोन केलेस, टेम्पोत घालून केळघर घाटानं वर नेलेस आणि गवंड्याकडून फरशीसारखे भिंतीवर थापून घेतलेस. वर पाणसळ लावून बघितलीस म्हणे, कुठं एक केस वर-खाली नको! बाथरूम केलंस तू सोन्याचं. एका जागी उभं राहिलं तर डोळ्यात जाळ, दोन पावलं सरकलं की भिंत काळी. दिवेवाले तीनदा बोलावले, काही उपयोग झाला नाही. शालूबाई नवऱ्याला म्हणाल्या, “आवं, सोनं म्हनं! पत्रा ठोकल्यावानी दिसतंय. मी तर त्यात मेलेली दिसतीया.” आणि मग म्हणाल्या, ती आधी तुम्हाला भेटलेली पोरगी कुठं गेली, तिला इचारा की.

नानासो सांगलीला आमच्या घरी आले. पुन्हा भरदुपारीच. आईनं पान वाढलं, तर हात आखडून बसले. दोडक्याची भाजी आणि आमटी निवत चालली तरी घास उचलेनात. शेवटी म्हणाले, “पोरी, एक इचारू का? आमच्या घरचं तुला पाणीबी चालत न्हाई, म्हणून तू येत न्हवतीस न्हवं? विश्वजीत म्हणला तसं. लय लागलं बघ आमाला. म्हटलं जिला आमचं अन्न इटाळतं, तिच्या हातची भिंत कशाला?” माझ्याआधी आईच हातातली पळी तशीच धरून म्हणाली, “आवं, दिवस बुडायच्या आत बोलवा की, तुमच्या घरात पोटभर जेवून दाखवतो आमी.” नानासोंनी पान पुढं ओढलं आणि ते जेवले. चांगले जेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. रडले नाही. तुझा एवढा संताप आला होता की रडायला जागाच नव्हती. तू माझी रेखाटनं नेलीस, माझी थंडी नेलीस, ते चोराचं काम झालं. पण माझ्या घरातला नेम, जो आजीनं आईला आणि आईनं मला दिला, तो फिरवून तू त्या माणसांचा अपमान केलास आणि त्यावर माझं नाव घातलंस. ह्याला चोरी म्हणत नाहीत. ह्याला मराठीत जो शब्द आहे तो आईच्या भीतीनं लिहीत नाही.

ओळख अजून पुरी झालेली नाही, थांब. मध्ये शंभरेक वर्षं त्यांच्याकडं मोठा वाद पेटला, देवाधर्माची चित्रं काढावीत की नाही यावर. न काढणारे वरचढ झाले तेव्हा भिंतीवरचे चेहरे खरवडून काढले, चुना फासला, चेहऱ्याच्या जागी नुसता क्रूस ठेवला. मग दुसरा पक्ष आला आणि चित्रं पुन्हा चढली. आणि त्यानंतरची एक झोई नावाची राणी होती. हागिया सोफियाच्या वरच्या सज्जात ती नवऱ्याशेजारी उभी आहे. तिची लग्नं तीन झाली. मग प्रत्येक वेळी नवं चित्र कोण काढत बसणार? नवऱ्याचं धड तेच ठेवलं, डोकं खणून नवं बसवलं, वरचं नाव बदललं. आजही जवळून बघितलं तर मानेशी जोड कळतो. राव्हेनाहून परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून ते बघून आले होते आणि तुला हसत सांगितलं होतं. तू म्हणाला होतास, ‘बाई डेंजर दिसते.’ मला तेव्हापासून ती बाई फार आवडते.

आणि सान व्हितालेच्या मिरवणुकीतली एक गोष्ट तू स्वतः होऊन शिकलास, ती मी शिकवली नव्हती. त्या रांगेत बादशहाच्या डोक्यावर नाव नाही. नाव एकाच माणसाच्या डोक्यावर आहे, शेजारच्या बिशपच्या. बादशहा त्या गावात कधी आलाही नव्हता म्हणतात, काम झालं ते बिशपच्या नजरेखाली, आणि त्यानं आपलं नाव घालून घेतलं. असा एकजण प्रत्येक दरबारात असतो. माझ्या रेखाटनात त्या जागी मळ्यातली दगडाबाई होती, विळा घेतलेली, जिनं नानासोंच्या बापाबरोबर पहिली रोपं लावली होती. तू तिला काढलंस आणि तिथं स्वतः उभा राहिलास. पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, डोक्यावर सोन्यात अक्षरं : ‘कलावंत विश्वजीत’. उजवा हात पुढं काढून नानासोंच्या टोपलीखाली धरलायस, जणू टोपली तूच तोलून धरलीयस. नाक मात्र सरळ करून घेतलंस हां. असं नाक तुला देवानं दिलं नव्हतं.

पत्राच्या डोक्यावर मी गावाचं नाव घातलं नाही, तुझ्या लक्षात आलं नसेल. मी महाबळेश्वरात आहे, त्याच हॉलमध्ये, परांचीवर बसून गुडघ्यावर हे लिहितेय. नानासोंनी बोलावलं तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. एक, सगळी बोलणी दिवसाउजेडी. दुसरी, भिंतीत काय राहील आणि काय जाईल ते मी ठरवणार. गेले कित्येक दिवस मी तुझं सगळं सोनं उचकटून पुन्हा चुन्यात बसवतेय, तिरकं. काल खाली समई लावली तर शालूबाई हात तोंडावर ठेवून उभ्या राहिल्या. आता फक्त तू उरलायस, आणि उद्या सकाळी छिन्नी घेऊन मी तुला काढणार आहे. म्हणून राव्हेनाचीच आणखी एक हकीकत, शेवटची. तिथल्या दुसऱ्या एका चर्चमध्ये एका राजाचा महाल काढलेला आहे, खांबाखांबांच्या मध्ये राजा आणि त्याचे दरबारी होते. राज्य बदललं तेव्हा नव्या लोकांनी ती माणसं काढून टाकली आणि प्रत्येक कमानीत पांढरा पडदा बसवला. पण हात राहिले. रिकाम्या पडद्यांच्या बाजूला, खांबांवर, कुणाकुणाचे तळवे नि बोटं अजून तशीच आहेत, आणि दीड हजार वर्षं बघणारे विचारतायत, हे कोण होते आणि ह्यांनी काय केलं होतं. तुझ्या जागी मी पडदा बसवणार आहे. रंग शालूबाईंनी पसंत केलाय, मोरपंखी, जरीच्या काठाचा. नाव जाईल, नाक जाईल, शाल जाईल. टोपलीखालचा हात मात्र मी ठेवणार. कच्चं काढून बघितलं काल. पडद्याआडून एक हात येतो आणि थेट नानासोंच्या स्ट्रॉबेरीत शिरतो. शालूबाई हसून हसून खाली बसल्या. नानासो म्हणाले, पत्रिका छापून गेल्यात, पाहुणा म्हणून त्याचं नाव हाय त्यात, येऊ दे बोलायला. म्हणून ही ओळख पाठवली. जरूर ये. कार्यक्रम भरदुपारी ठेवलाय, जेवण त्याच्यानंतर लगेच, आईसुद्धा येतेय. मी पहिल्या रांगेत असेन. आणि कुणी विचारलंच, की हा हात कुणाचा, तर माइक तुझ्याकडंच असेल.

पत्र संपवायला काहीतरी लिहावं लागतं म्हणून, एके काळी तुझीच होते ती,

कीर्ती